ऑनलाइन दुकानाचं प्लगइन निवडायच्या आधी बाटलीचं वजन करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आलं होतं की घरगुती उद्योगांनी आता स्वतःची वेबसाइट काढून तिथून माल विकावा. वाचून बरं वाटलं, पण लगेच लिहायलाही बसले. कारण वेबसाइट काढा असं सगळेच सांगतात, पण त्या वेबसाइटवर दुकान कुठल्या प्लगइनने (वेबसाइटला जोडायचा तयार प्रोग्राम) चालवायचं, ते निवडताना काय बघायचं, हे मराठीत नीट कोणी सांगत नाही, आणि आमच्यासारख्यांचे पैसे नेमके तिथेच बुडतात.

मी देवरुखची. कोकम आगळ, आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ, मेतकूट असे बारा-चौदा पदार्थ करून विकते. 2021 मध्ये लॉकडाऊनच्या दिवसांत पहिली वेबसाइट करून घेतली, एका ओळखीच्या माणसाकडून, 18 हजार रुपये देऊन. वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर, वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगइन टाकलं होतं, त्यात काही वाईट नव्हतं, पण त्याला जोडलेली विकतची दोन प्लगइन त्याने कुठून तरी फुकट उतरवून बसवली होती. 'नल्ड' म्हणतात त्याला, म्हणजे चोरीचा माल. अशा प्लगइनमध्ये बरेचदा दुसऱ्यानेच काहीतरी घुसवलेलं असतं आणि त्याला कंपनीचे अपडेट पण येत नाहीत. पुढच्या वर्षी ऐन मे महिन्यात डोंबिवलीच्या एका ताईंचा फोन आला, म्हणाल्या अहो तुमचं पान उघडलं की जुगाराची साइट येतेय. मी बघितलं तर माझ्या कंप्युटरवर सगळं ठीक, फोनवर उघडलं की जुगार. त्या माणसाला फोन लावला तर उचलेना, आणि मग कळलं की डोमेन म्हणजे साइटचा पत्ता त्याच्या नावावर, होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा त्याच्या नावावर, अ‍ॅडमिनचा पासवर्ड पण त्याच्याचकडे. शेवटी नवीन डोमेन घ्यावं लागलं. छापून आणलेल्या दोन हजार लेबलांवर जुना पत्ता होता, तो नणंद आणि मी रात्री जेवणं झाल्यावर बसून काळ्या मार्करने खोडत होतो, आणि नव्या पत्त्याची चिकटपट्टी लावत होतो. बोटं दुखायला लागायची. तेव्हाच ठरवलं की हे सगळं आपण स्वतः शिकायचं, आणि भाच्याला हाताशी घेऊन शिकले.

म्हणून कुणी विचारलं की प्लगइन कुठलं घेऊ, तर मी आधी विचारते डोमेन कोणाच्या नावावर आहे. डोमेन आणि होस्टिंग आपल्या ईमेलवर, आपल्या बँकेतून पैसे भरून घ्यायचं, आणि साइट करणाऱ्याला वेगळं लॉगिन काढून द्यायचं, काम झालं की ते बंद करता येतं. हे झाल्याशिवाय पुढचं काही बोलण्यात अर्थ नाही.

दुसरं म्हणजे खरंच दुकान पाहिजे का. महिन्याला दहा-पंधरा ऑर्डरी असतील आणि गिऱ्हाईक ओळखीचंच असेल तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि यूपीआयचा क्यूआर पुरतो, मी दोन वर्षं तसंच केलं. पण रोज चार-पाच ऑर्डरी यायला लागल्या, कोणाचे पैसे आले कोणाचे राहिले, कोणाला अर्धा किलो कोणाला पाव, हे वहीत सापडेनासं झालं की मग दुकान लागतं.

आता निवड. शॉपिफाय हे प्लगइन नाही, ते भाड्याचं दुकान आहे, दर महिन्याला भाडं, पण होस्टिंग, सुरक्षा, अपडेट सगळं त्यांच्याकडे, ज्यांना या भानगडीत अजिबात पडायचं नाही त्यांना ते सोयीचं आहे, फक्त भाडं थांबलं की दुकान बंद. एक्विड सारखं काही घेतलं तर दुकान त्यांच्या सर्व्हरवर चालतं आणि आपल्या साइटवर फक्त दिसतं. वूकॉमर्स 2011 पासून आहे, 2015 मध्ये ते ऑटोमॅटिक कंपनीने घेतलं, मूळ प्लगइन फुकट आणि ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) आहे, होस्टिंग बदललं तरी सगळं उचलून दुसरीकडे नेता येतं, माल यादी सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडते ती) काढता येते. आपल्याकडे ते दुरुस्त करणारी माणसं पण सहज मिळतात. मी तेच ठेवलं. पण फुकट म्हणजे प्लगइन फुकट, त्याची जोड-प्लगइनं विकतची असतात आणि त्यांचे पैसे दर वर्षी भरावे लागतात, होस्टिंगचा पण पहिल्या वर्षीचा भाव वेगळा आणि रिन्यूअलचा वेगळा. हा हिशोब तीन वर्षांचा मांडून बघावा, एका वर्षाचा नको.

आणि निवडताना सगळ्यात जास्त डोकं कशाला लावायचं तर कुरिअरच्या खर्चाला, डिझाइनला नाही. माझी आगळाची काचेची बाटली भरून, पॅकिंग करून जवळजवळ 1 किलो 400 ग्रॅम भरते. साइटवर सगळ्या ऑर्डरींना सरसकट 80 रुपये डिलिव्हरी लावली होती. नागपूरहून सहा बाटल्यांची ऑर्डर आली, मी खूश, खोका बांधला, आणि कुरिअरवाल्याने काट्यावर ठेवून साडेचारशेच्या वर सांगितले. त्या ऑर्डरीत मला काहीच सुटलं नाही, वर मेहनत गेली. आणि पापडाचं उलटं, पापड हलके पण खोका मोठा. कुरिअरवाले बरेचदा लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि ते वजन जास्त आलं तर त्याचेच पैसे लावतात. 40 बाय 30 बाय 25 चा खोका म्हणजे 6 किलो, आत पापड दोनच किलो असले तरी.

मग मला सगळ्यांनी सांगितलं की वजनावर डिलिव्हरी लावणारं विकतचं प्लगइन घे. घेणारच होते. पण भाच्याने वूकॉमर्समध्येच 'शिपिंग क्लास' म्हणून, डिलिव्हरीसाठी मालाचे गट पाडायची, सोय आहे ती शोधून काढली. मी दोन क्लास केले, एक 'काच' आणि एक 'कोरडं', आणि फ्लॅट रेटच्या (ठरावीक दराच्या) चौकटीत काचेला प्रत्येक नगामागे दर लावला, म्हणजे बाटल्या वाढतील तसा खर्च आपोआप वाढतो. त्यासाठी एक पैसा लागला नाही. झोन पण त्यातच करता येतात, महाराष्ट्राचा वेगळा दर, बाहेरचा वेगळा. आणि झोनचा अजून एक उपयोग आहे. जीएसटी लागणारा माल राज्याबाहेर विकायचा असेल तर उलाढाल कितीही छोटी असली तरी जीएसटी नोंदणी लागते, हस्तकलेच्या वस्तूंना थोडी सूट आहे पण आगळाला नाही. नोंदणी होईपर्यंत फक्त महाराष्ट्राचाच झोन ठेवला की बाहेरच्या पत्त्याला ऑर्डर पुढे जातच नाही.

पैशाचं आता सांगते कारण यात गिऱ्हाईकाचा विश्वास जातो. पेमेंट गेटवेवाले (साइटवर गिऱ्हाईकाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात टाकणाऱ्या कंपन्या) साधारण 2 टक्के घेतात आणि त्या दोन टक्क्यांवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे हजाराच्या ऑर्डरीत 23 रुपये 60 पैसे गेले, आणि उरलेले दोन-तीन कामाच्या दिवसांनी खात्यात येतात, हे भाव ठरवतानाच धरावं. पण त्याहून मोठं म्हणजे वेबहुक. पैसे आले हे गेटवेने आपल्या दुकानाला कळवायची जी सोय ती, आणि ती आपल्याला सेट करावी लागते, मला माहीतच नव्हतं. ठाण्याच्या एका काकांनी यूपीआयने 640 रुपये भरले, पैसे कापले गेले, त्यांनी फोनची स्क्रीन तिथेच बंद केली, माझ्या साइटवर ऑर्डर 'पेंडिंग'च राहिली. वूकॉमर्समध्ये पैसे न आलेल्या ऑर्डरीसाठी माल किती मिनिटं अडवून ठेवायचा याचं एक सेटिंग असतं, ते मुळात 60 मिनिटांचं असतं, तेवढा वेळ गेला की ऑर्डर आपोआप रद्द होते. काकांना रद्द झाल्याचा मेल गेला. त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, "ताई, पैसे घेतलेत आणि ऑर्डर रद्द पण केलीत, असं का?" मला रडायला आलं होतं. तेव्हापासून कुठलंही गेटवे जोडलं की मी स्वतः दहा रुपयाची ऑर्डर टाकते, पैसे भरते, आणि मुद्दाम मध्येच स्क्रीन बंद करून बघते.

चिपळूणच्या मैत्रिणीने गेल्या वर्षी नवीन दुकान केलं तर चेकआउटच्या (ऑर्डर पक्की करून पैसे भरायच्या) पानावर पेमेंटचा पर्यायच दिसेना. 2023 च्या शेवटापासून वूकॉमर्स नवीन दुकानांना ब्लॉकवालं (सुटे तुकडे जोडून बनवलेलं) नवं चेकआउट देतं, आणि बरीच जुनी प्लगइनं त्याच्याशी जुळत नाहीत. तिने ते पान जुन्या क्लासिक पद्धतीचं केलं आणि सुटलं, पण त्यात तिचे आठ दिवस गेले. म्हणून जोड-प्लगइन घेताना शेवटचं अपडेट कधी झालंय, सध्याच्या वर्डप्रेसवर तपासलंय का, सपोर्टमध्ये लोकांच्या प्रश्नांना उत्तरं मिळतायत का, आणि एक-दोन स्टारवाल्या तक्रारी, एवढं तरी वाचावं. पाच स्टारवाले वाचून काही कळत नाही.

मराठीचा पण प्रश्न आहे. माझ्या बिलाच्या पीडीएफमध्ये 'कोकम आगळ'च्या जागी नुसते चौकोन चौकोन यायचे, फॉन्ट बदलला तर अक्षरं आली पण जोडाक्षरं तुटलेली. आता बिलावर मालाचं नाव इंग्रजी लिपीत टाकते आणि मला ते अजिबात आवडत नाही. पत्त्याच्या रकान्यांचं पण तसंच, कंपनीचं नाव विचारतात पण वाडी, पोस्ट, तालुका विचारत नाहीत, आणि गावाकडच्या पत्त्यात तेच तर लागतं. ते रकाने एका छोट्या प्लगइनने बदलून घेतले, तेव्हापासून पार्सल परत येणं खूप कमी झालं.

संपादक साहेब, माझी विनंती अशी की आपल्या पेपरात यावर दर आठवड्याला अर्धा कॉलम तरी द्यावा, ज्याने स्वतः दुकान चालवलंय त्याच्याकडून लिहून घेऊन. मी घेतलेल्या उद्योजकतेच्या प्रशिक्षणात पॅकिंग शिकवलं, लेबलवर अन्न परवान्याचा नंबर, वजन, एमआरपी कसं टाकायचं ते शिकवलं, आणि ते सगळं उपयोगाला आलं, पण ऑनलाइन दुकानाचं एक अक्षर शिकवलं नाही, आणि बायका मग कोणी भेटेल त्याला पैसे देऊन बसतात.

आमच्या बचत गटातल्या दोघी या महिन्यात दुकान सुरू करतायत, एकीचं तिरफळ आणि मसाला, दुसरीचं कोकम सरबत. काल आम्ही तिघी वाण्याच्या काट्यावर त्यांची प्रत्येक बाटली, प्रत्येक पुडी पॅकिंगसकट तोलून वहीत लिहून काढली. डोमेन दोघींच्या स्वतःच्या नावावर घेतलंय. प्लगइन आता उद्या बसवणार.

आपली,
एक गृहउद्योजिका
देवरुख, जि. रत्नागिरी