इंग्लंडमधल्या स्लावच्या वरच्या मजल्यावरच्या मावशींना, उशिरा का होईना, थँक यू

मावशी,

तुम्ही साताऱ्याला परत गेल्यापासून दर रविवारी ठरवते की आज फोनवर नीट आभार मानायचे. मग फोन लागतो आणि तुम्ही सुरू होता, बाळाला शी रोज होते का, दूध बाहेर काढतं का, टाळू भरलीय का, आणि आभार राहूनच जातात. म्हणून शेवटी लिहायला बसले. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण आपल्या कितीतरी पोरी असल्याच कुठल्यातरी गावात, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत, रात्री तीनला अंथरुणात फोन घेऊन काहीबाही वाचत घाबरत बसलेल्या असतात, त्यातल्या एखादीच्या तरी कामी येईल. तुमच्या सुनबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या "लिही, पण नाव टाकू नकोस, त्या रागावतील". सो नाव नाही.

तेव्हा माझी काय हालत होती ते तुम्ही बघितलंच आहे, बाकीच्यांसाठी सांगते. डिसेंबर, दुपारी चारला अंधार, नवरा ऑफिसात, आईचा व्हिजिटर व्हिसा अडकलेला, आणि मला नाशिकला जाऊन यायचं म्हटलं तरी येता येत नाही कारण एका बाळाच्या वेळी ३६-३७ आठवडे झाले की बहुतेक विमान कंपन्या घेतच नाहीत. चौतिसाव्या आठवड्यात होते मी. चुलत बहिणीच्या मैत्रिणीला शेवटच्या महिन्यात बीपी वाढून ताबडतोब सिझर करावं लागलं होतं, ती गोष्ट कोणीतरी मला फोनवर रंगवून सांगितली (लोक गरोदर बाईला असल्या गोष्टी का सांगतात देव जाणे), आणि तेव्हापासून डोकं जरा दुखलं तरी मला वाटायचं झालं, आता आपलं पण तेच. त्यात रात्री हातापायांना खाज सुटायला लागली. सगळे म्हणाले हिटरने कातडी कोरडी पडते, थंडी आहे, होतं असं. आई म्हणाली पित्त उठलं असेल, आमसुलाचं पाणी लाव. जीपीच्या (इथल्या फॅमिली डॉक्टरच्या) रिसेप्शनवर पुढच्या आठवड्यानंतरची अपॉइंटमेंट मिळाली.

तुम्ही तर फक्त कढीपत्ता मागायला आला होतात. मी दारातच उभी, बोलता बोलता तळहात दाराच्या चौकटीवर घासत होते. तुम्ही कढीपत्त्याचं विसरलात आणि विचारलंत, पुरळ आहे का? नाही. कुठे जास्त? तळहात, तळपाय. कधी जास्त? रात्री. लघवी गडद होते का? मग मला सोफ्यावर बसवून नडगीवर अंगठा दाबून धरलात, सोडलात, खड्डा पडतो का बघितलंत, डोळ्यांसमोर काजवे चमकतात का, बरगडीखाली उजव्या अंगाला दुखतं का, सगळं एकेक करून विचारलंत. पाटण तालुक्यातल्या आरोग्य उपकेंद्रावर सगळी नोकरी काढलेली बाई आपल्या सोफ्यावर बसलीय हे मला तेव्हा कळलं, त्याआधी तुम्ही माझ्यासाठी फक्त वरच्यांच्या सासूबाई होतात. आणि तुम्ही "काही होत नाही गं, काळजी करू नकोस" असं एकदाही म्हणाला नाहीत! त्या महिन्यात मला भेटलेल्या तुम्ही पहिल्या माणूस ज्यांनी ते वाक्य वापरलं नाही. तुम्ही म्हणालात, "हे लिव्हरचं असू शकतं, रक्त तपासायला पाहिजे, आणि ते आज."

मग फोन. मला इंग्लिश येतं, ऑफिसात दिवसभर तेच बोलते, पण मॅटर्निटी ट्रायाजला (हॉस्पिटलात गरोदर बायकांची तातडीची तपासणी करतात तिथे) फोन लावायचा म्हटलं की घसा कोरडा पडायचा, मी सॉरी सॉरी करत सुरुवात करायचे आणि पलीकडच्या बाईला कळायचंच नाही की मला नक्की काय होतंय. तुम्हाला इंग्लिश येत नाही, पण तुम्ही वीजबिलाच्या लिफाफ्याच्या मागे माझ्याकडून मराठीत लिहून घेतलंत: किती आठवडे, काय होतंय, कुठे, कधीपासून, बाळ कसं हलतंय. एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं, पुढचं त्या विचारतील. सॉरी म्हणायचं नाही. मी तेच वाचून दाखवलं आणि त्यांनी लगेच बोलावलं. तो लिफाफा नंतर फ्रिजवरच राहिला, पुढचे सगळे फोन त्यावर बघूनच केले.

रिपोर्ट आला, ऑब्स्टेट्रिक कोलेस्टॅसिस. म्हणजे लिव्हरमधून पित्ताचा निचरा नीट होत नाही आणि बाइल अ‍ॅसिड रक्तात साठतात, म्हणून खाज. इथे आपल्याकडच्या, म्हणजे भारत-पाकिस्तानकडच्या बायकांत हे गोऱ्या बायकांपेक्षा जास्त दिसतं असं डॉक्टर म्हणाली. माझा बाइल अ‍ॅसिडचा आकडा चाळिसाच्या थोडा वर होता. इथल्या गाइडलाइनप्रमाणे १९ ते ३९ सौम्य, ४० ते ९९ मध्यम, आणि १०० किंवा त्याच्या वर गेलं तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका खरोखर वाढतो. मध्यममध्ये ३८-३९ आठवड्यांपर्यंत धोका बाकीच्या बायकांएवढाच, म्हणून त्या सुमाराला कळा सुरू करून बाळंतपण करतात. हे सगळं डॉक्टरने नीट सांगितलं होतं पण माझ्या कानात "पोटातच दगावण्याचा" एवढंच अडकलं, घरी येऊन तुम्ही माझ्याकडून परत परत वदवून घेतलंत, तुझा आकडा किती, धोक्याचा किती, पुढचं रक्त कधी. वहिनी पुण्याहून म्हणत होती तिथे यावरची उर्सोची गोळी कशी देत नाहीत, आपल्याकडे लगेच देतात. डॉक्टरने सांगितलं की २०१९ मध्ये इथेच मोठा अभ्यास झाला आणि त्या गोळीने बाळाला फायदा दिसला नाही, खाजेलाही फारसा नाही. मला वाटलं आता तुम्ही वहिनीची बाजू घेणार. तुम्ही म्हणालात "आम्ही पण द्यायचो, पण आता नवीन कळलं असेल तर नवीन ऐकायचं," आणि मेंथॉलचं क्रीम फ्रिजमध्ये ठेवायला लावलंत, गार गार लावलं की तासभर तरी झोप लागायची.

डाव्या कुशीवरचंही तसंच. तुम्ही डावीवरच झोप म्हणायचात, मिडवाइफ (इथली सुईण) म्हणाली कुठलीही कूस चालेल, पाठीवर नको. तुम्ही पाच मिनिटं गप्प बसलात आणि मग म्हणालात, "बरं. पण डावी बरी." 😄

नवऱ्याने बिचाऱ्याने माझं घाबरणं बघून घरी ठोके ऐकायचं मशीन ऑर्डर केलं होतं, ते तुम्ही खोक्यासकट परत पाठवायला लावलंत. ठोका ऐकू आला म्हणजे बाळ ठीक असं नसतं, आणि त्या भरवशावर माणूस घरी थांबतो, हे तुमचं म्हणणं, मिडवाइफही हुबेहूब तेच बोलली. त्यापेक्षा त्याचं हलणं ओळखायला शिकवलंत, आकडा मोजायचा नाही, त्याची रोजची रीत काय ते बघायचं, आमचा हा जेवणानंतर आणि रात्री दहाला धिंगाणा घालायचा. शेवटी जागा कमी होते म्हणून हालचाल मंदावते असं मला किमान तीन काकवांनी सांगितलं होतं, ते चूक आहे, मंदावली तर तेव्हाच फोन करायचा, गोड खाऊन उद्यापर्यंत वाट बघायची नाही. एका रात्री खरंच कमी वाटलं. नवरा म्हणाला परत गेलो तर हसतील. तुम्ही वरून स्वेटर चढवून खाली आलात, आणि त्याला एवढंच म्हणालात की गाडी काढ. कोणी हसलं नाही. पट्टे लावले, ठोके बघितले, सगळं नीट होतं, पहाटे घरी आलो तर तुम्ही जाग्या होतात आणि उपमा तयार.

आता जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. मला रात्री छातीत धडधडायचं, झोप फक्त खाजेमुळे जात नव्हती. तुम्ही ते ओळखलंत आणि मिडवाइफला सांग म्हणालात. मी म्हटलं असं कसं सांगायचं, ती काय म्हणेल. तुम्ही म्हणालात, "दर वेळी लघवीची बाटली तिच्या हातात देतेस ना, तेव्हा लाज वाटत नाही, मग मनाचं सांगायला कसली लाज?" मी सांगितलं. तिने फॉर्म भरून टॉकिंग थेरपीला (बोलून मनावर उपचार करतात तिथे) पाठवलं, एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, गरोदर बाईचा नंबर आधी लावतात, फुकट असतं, स्वतःही नाव नोंदवता येतं. फोनवर सेशन झाली. भीती गेली नाही, खोटं कशाला बोलू, पण रात्रीची धडधड सुरू झाली की काय करायचं ते कळायला लागलं आणि सलग चार तास झोपायला लागले. घरच्यांना हे अजून सांगितलं नव्हतं, आता इथेच वाचतील.

तुमचे व्हिसाचे सहा महिने संपले आणि तुम्ही माझ्या तारखेच्या आधीच गेलात. हीथ्रोला निघताना तुम्ही माझ्या हातात खारकांची पुडी दिलीत आणि आकडा विचारलात, तेव्हाही चाळिसाच्याच घरात होता. अडतिसाव्या आठवड्यात कळा सुरू केल्या, पूर्ण वेळ मॉनिटर लावलेला, वेळ लागला पण नॉर्मल झालं. आई पाचव्या दिवशी पोचली. खाज आठवड्याभरात गेली. नंतरची लिव्हरची टेस्टही नॉर्मल आली, पुढच्या वेळी परत होऊ शकतं म्हणतात, तेव्हाचं तेव्हा बघू.

मार्चमध्ये भारतात येतोय, नाशिकहून साताऱ्याला दोन दिवस नक्की. पाटणची जुनी उपकेंद्राची जागा मला बघायचीय, तुम्ही दाखवायची. तुमच्या गुडघ्याचा एक्स-रे काढलात का ते आधी कळवा, सुनबाई म्हणत होत्या टाळताय म्हणून.

तुमची,
खालच्या मजल्यावरची