पंखा बंद करणाऱ्या काकांना

काका, स. न. वि. वि.

तुम्ही म्हणाला होतात, "ताई, माझं नावबिव काही घेऊ नका, मी काय केलंय?" म्हणून नाव घेत नाही. काय केलंत ते मात्र सगळ्यांना सांगणार आहे. शनिवारी तुमच्या सभागृहात माझा कार्यक्रम झाला, त्याला आज पाच दिवस झाले. पोळ्या लाटताना, द्वारका चौकाच्या कोंडीत अडकलेली असताना मी हे पत्र मनातल्या मनात लिहितेय आणि दर वेळी एकाच जागी येऊन डोळे भरतात. आज बसलेच लिहायला.

तुमच्याकडे येण्याआधी मी तीन दारं वाजवून आले होते, हे तुम्हाला माहीत नाही. विषय सांगितला की माणसांचे चेहरे बदलायचे. जपान, कोरिया, थायलंड, इराणचे भयपट. पडद्यावर थोडे थोडे तुकडे दाखवायचे आणि मधे बोलायचं, एवढंच होतं. पहिल्या ठिकाणी सांगितलं, "भुताखेतांचं इथे नको, वास्तूला चांगलं नाही." दुसऱ्यांनी होकार दिला, तारीख दिली, मी लोकांना कळवलं, आणि दोन दिवस आधी एका ओळीचा मेसेज आला की समितीत विरोध आहे. त्यानंतर फोन उचलला नाही. तिसऱ्या गृहस्थांनी अर्धा तास ऐकून घेतलं, चहा पाजला आणि शेवटी विचारलं, "तुमच्या घरच्यांना ठाऊक आहे का, तुम्ही असलं काय काय बघता ते?" मी चाळीस वर्षांची आहे, काका. त्या दिवशी रिक्षात बसेपर्यंत रडू आवरलं आणि मग आवरलं नाही.

वाईट वाटलं ते या आपल्या नाशिकमध्ये असं झालं म्हणून. दादासाहेब फाळके 1870 साली इथे त्र्यंबकेश्वरला जन्मले. कॅमेऱ्याच्या करामतींनी त्यांनी लोकांचे डोळे विस्फारले, 1919च्या 'कालिया मर्दन'मध्ये आपल्या लेकीला, मंदाकिनीला, कृष्ण करून पाण्यात उतरवलं. त्यांचं स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे आणि शाळेच्या सहली तिथे जातात. सिनेमा ही जादू आहे, असं आम्हाला तिथेच सांगितलं गेलं होतं. भीती हीसुद्धा त्याच जादूतली एक. ती हलकी कशी काय ठरली?

तुम्ही विषय विचारलात तेव्हा मी घाबरतच म्हटलं, "भुतांचे सिनेमे." तुम्ही म्हणालात, "मग खुर्च्या जवळ जवळ लावू. लांब लांब बसले तर लोकांना भ्या वाटंल." त्या क्षणी मला कळलं की आपण योग्य दारात आलोय.

मला हे वेड 2004 साली लागलं. सिडकोत मैत्रिणीच्या घरी, दुपारी पडदे ओढून, भाड्याने आणलेल्या सीडीवर आम्ही 'रिंगू' पाहिला. हिदेओ नाकाता यांचा 1998चा सिनेमा. भाषा जपानी, खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, निम्मी वाचायच्या आत जायची. तरी अंगावर काटा आला तो उतरलाच नाही. तोवर भयपट म्हणजे मला धूर, कडाडणारी वीज, करकरणारं दार आणि किंचाळी एवढंच माहीत होतं. इथे तर काहीच होत नव्हतं. एक कॅसेट, एक फोन, सात दिवसांची मुदत आणि एक विहीर. घर शांत होतं आणि त्या शांततेचीच भीती वाटत होती.

तेव्हापासून मी हे सिनेमे शोधून शोधून पाहत आले. माझं मत मी त्या दिवशी मांडलं, पण गडबडीत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे पुन्हा सांगते. पुष्कळशा अमेरिकन भयपटांत संकट बाहेरून येतं, त्याला हाकलून लावलं की घर पुन्हा सुखी होतं. मला मनापासून आवडणाऱ्या सिनेमांत भूत घरातलंच असतं. कुणीतरी त्याच्यावर अन्याय केलेला असतो आणि बाकीच्यांनी तो पाहूनही न पाहिल्यासारखं केलेलं असतं. जपानीत अशा आत्म्याला 'ओन्र्यो' म्हणतात. या बहुतेक बायका असतात. ओकिकू नावाच्या मोलकरणीची त्यांची जुनी दंतकथा आहे. दहा थाळ्यांपैकी एक हरवल्याचा आळ तिच्यावर येतो, तिला मारून विहिरीत टाकतात आणि रात्री विहिरीतून तिचा मोजण्याचा आवाज येतो. नऊपर्यंत येते आणि थांबते. हिमेजीच्या किल्ल्यात आजही तिच्या नावाची विहीर दाखवतात. 'रिंगू'मधली विहिरीतून येणारी सादाको त्याच ओकिकूची नात वाटते मला.

आणि हे नाशिककरांना परकं वाटायचं कारणच नाही. रामकुंडावर दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट बघत उभी राहिलेली माणसं आपण लहानपणापासून बघतो. कावळा शिवत नाही तेव्हा कुणीतरी पुढे होऊन हात जोडून म्हणतं, "तुझ्या पोरांना बघतो आम्ही, काळजी करू नको." गेलेल्याची इच्छा राहिली असेल, ती ओळखा आणि शब्द द्या, हे आपल्याकडे घाटावर रोज चालतं. जपानी भयपट तेच सांगतो. फक्त तिथे शब्द द्यायला कुणी पुढे आलेलं नसतं.

मी ओकिकूची गोष्ट सांगत होते तेव्हा तुम्ही मागच्या दारात उभे होतात. नंतर खुर्च्या उचलताना पेठकडच्या तुमच्या गावातल्या विहिरीचं सांगितलंत. एका सुनेने तिथे जीव दिला होता, म्हणून बायका भर दुपारी तिकडे जात नाहीत. मी विचारलं, "भूत आहे म्हणतात का?" तुम्ही म्हणालात, "भूत कशाला, आमच्याच गावची सून होती ती. चैत्रात हळदकुंकू ठेवतात तिच्यासाठी." वीस वर्षं मी या विषयावर वाचतेय, पण इतक्या थोडक्यात ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. जुन्या जपानी चित्रांत भुताला पाय काढत नाहीत. 18व्या शतकातल्या मारुयामा ओक्योच्या चित्रापासून ती रीत पडली असं मानतात. आपल्याकडे पाय असतात, पण उलटे. मग मी सांगितलं की सादाकोचं काम करणाऱ्या नटीला कॅमेऱ्यासमोर मागे मागे चालायला लावलं होतं आणि ती फिल्म उलटी फिरवली, म्हणून तिची चाल अशी अंगावर येते. तेव्हा तुम्ही मागून मोठ्याने म्हणालात, "म्हंजे पाय उलटेच की!" सगळं सभागृह एकदम जागं झालं. मला हे कधी सुचलंच नव्हतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं, ती सांगते.

मला सगळ्यांत जवळचा सिनेमा 'डार्क वॉटर' आहे. नाकातांचाच, 2002चा. नवऱ्यापासून वेगळी होऊ पाहणारी एक बाई, तिची लहानगी मुलगी, मुलीच्या ताब्यासाठी चाललेलं भांडण आणि एका जुनाट इमारतीतलं स्वस्तातलं घर. छतावर ओल येते. डाग वाढत जातो. पाणी टपकतं. एक लाल पिशवी कितीदा फेकली तरी परत येते. गच्चीवरच्या टाकीत कोण पडलं होतं ते शेवटी कळतं: आईची वाट बघून थकलेली, कुणी न्यायला न आलेली एक पोर. ती भूत होऊन दुसऱ्याच्या आईला धरून बसते. आणि ती आई आपल्या मुलीला वाचवण्यासाठी त्या मेलेल्या पोरीची आई व्हायला कबूल होते. लिफ्टचं दार बंद होतं.

माझ्या आईने मला एकटीने वाढवलं. पंचवटीत आम्ही ज्या खोलीत राहायचो तिथे पावसाळाभर चार भांडी मांडलेली असायची, प्रत्येकाचा टप टप आवाज वेगळा. आई शिवणकाम करायची आणि मला न्यायला शाळेत उशिरा पोचायची. शिपाई मावशींजवळ बसून मी वाट बघायची. हा सिनेमा मी आईला दाखवू शकले नव्हते. "कसलं अभद्र बघत असतेस" म्हणून ती उठून जायची. त्या दिवशी ती पहिल्यांदा आली, पहिल्या रांगेत बसली. तिला ऐकू कमी येतं, कानात यंत्र आहे. आणि तुमच्या सभागृहाचा मधला पंखा केवढा करकरतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

छतावरून पाणी टपकण्याचा तो तुकडा मी लावला. मला पडदा आणि लॅपटॉप यांपलीकडे काही दिसत नव्हतं. मे महिना, तीस माणसं, दारं बंद. मधेच घामाच्या धारा लागल्या तेव्हा वाटलं, वीज कमी झाली असेल. मग मी बोलायला लागले की वारा यायचा, तुकडा लावला की थांबायचा. माझ्या ध्यानातच आलं नाही.

घरी जाताना रिक्षात आईने सांगितलं. यंत्र लावलं की पंख्याची घरघर कानात नुसती ओरडते, म्हणून तिने ते काढून मुठीत धरलं होतं. पडद्यावरची बाई छताकडे बघतेय एवढंच तिला दिसत होतं. तुम्ही ते पाहिलंत. भिंतीला धरून बोर्डापर्यंत गेलात आणि पंखा बंद केलात. आईने यंत्र परत कानात घातलं. "आणि मग मला टप टप ऐकू आलं गं," आई म्हणाली. "आपल्या खोलीतलं पातेलं होतं ना पितळेचं, तसं."

एवढं बोलून ती गप्प झाली. अशोक स्तंभापर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही.

पुढचा सव्वा तास तुम्ही बोर्डापाशीच उभे होतात, काका, बटणावर बोट ठेवून. तुकडा सुरू झाला की बंद, संपला की चालू. कुणी सांगितलं नव्हतं. भयपट कानाने बघायचा असतो, हे मी वीस वर्षांत शिकले. 'जु-ऑन' या जपानी भयपटातला भुताचा तो घशातला घरघराट दिग्दर्शक ताकाशी शिमिझु यांनी स्वतः काढलाय. 1960च्या दशकातल्या 'क्वायदान' या जपानी भूतकथांच्या सिनेमात संगीतकार तोरू ताकेमित्सु यांनी ऐन जागी आवाज काढून घेतलेत. हे सगळं मी तावातावाने सांगत होते, आणि ते ऐकू यावं याची व्यवस्था मात्र तुम्ही केलीत.

या पाच दिवसांत मला सारखी अशीच माणसं आठवतायत. म्हातारी बाई सीटवर बसेपर्यंत दोरी न ओढणारे कंडक्टर. गर्दीत अनोळखी बाळाच्या डोक्यावर पदर धरणारी कुणीतरी. शाळेतल्या त्या शिपाई मावशी, ज्या आई येईपर्यंत घरी जायच्या नाहीत आणि डब्यातली अर्धी भाकरी मला द्यायच्या. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले. त्या गेल्याचं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून तुमचे मानायला वेळ घालवायचा नाही, असं ठरवलं.

आणि ज्यांनी नाही म्हटलं, त्यांना एकच सांगणं आहे. एकदा येऊन बघा. 2016चा 'अंडर द शॅडो' बघा. तेहरानवर क्षेपणास्त्रं पडताहेत, शेजारीपाजारी एकेक करून घर सोडून चाललेत आणि एक आई आपल्या लेकीची हरवलेली बाहुली शोधतेय. 'द डेव्हिल्स बॅकबोन' बघा, स्पेनच्या यादवीतल्या अनाथाश्रमातल्या मुलांचा. लांब पल्ल्याचं नको असेल तर नारायण धारपांच्या कथेतून सुचलेला आपला 'तुंबाड' आहे. 2018ला आला, 2024ला पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. यातल्या कशातही अभद्र नाही. जे विसरले गेले त्यांची आठवण ठेवणारे सिनेमे आहेत हे. पांढऱ्या साडीतली, मोकळ्या केसांची बाई नुसती अंगावर धावून येताना दाखवायची, असले वाईट भयपटही ढिगाने निघतात, मला त्यांचा राग येतो. पण वाईट लावण्या निघतात म्हणून कुणी लावणी बंद करत नाही.

काका, आईने आता स्वतःहून विचारलंय, "तुझा पुढचा कार्यक्रम कधी?" मी तिला 'क्वायदान'मधल्या आंधळ्या होइचीची गोष्ट सांगितली. भुतांना दिसू नये म्हणून त्याच्या अंगभर मंत्र लिहितात आणि कान तेवढे लिहायचे राहतात. म्हणून भूत येतं आणि नेमके कानच घेऊन जातं. आई बराच वेळ आपल्या कानातल्या यंत्राला हात लावून बसली. मग म्हणाली, "हा तुझ्या त्या काकांकडेच दाखव."

जुलैत तारीख मिळेल का, ते विचारायला मी रविवारी येतेय. आईने गच्चीवर कुरडया वाळत घातल्यात आणि त्यातला एक डबा तुमच्यासाठी वेगळा काढून ठेवलाय. बरोबर आणते.

तुमची,
पहिल्या रांगेतल्या आजींची मुलगी