टाकी बदलली, पण जमिनीचे काय?

महोदय,

पेट्रोल पंपाच्या भूमिगत टाकीला गळती लागली की टाकी बदलली जाते, वर काँक्रीट ओतले जाते आणि प्रकरण मिटले असे मानले जाते. शेजारच्या विहिरीतून काढलेल्या बादलीत सप्तरंगी तवंग दिसू लागतो, तेव्हा मात्र तक्रार कोणाकडे करायची हेच लोकांना कळत नाही. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने भूजलावर तरंगत राहते, परंतु त्यातील बेंझिन पाण्यात विरघळून पुढे सरकते आणि आपल्या काळ्या पाषाणातील भेगांमधून ते कोणत्या दिशेला जाईल, हे निरीक्षणासाठी विंधण विहिरी घेतल्याखेरीज सांगता येत नाही. बेंझिन कर्करोगकारक असून जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम इतकी कमी ठेवली आहे. (पाणी उकळून प्या, हा सल्ला येथे धोक्याचाच, बेंझिनची वाफ घरात पसरते.)

तरंगणारे इंधन उपसणे, मातीतील वाफा पंपाने ओढून घेणे, इंधन खाणाऱ्या जिवाणूंना हवा पुरवणे हे उपाय माहीत आहेत. अडते ते खर्चापाशी. अमेरिकेने 1986 मध्ये इंधनावर गॅलनमागे सेंटचा दहावा हिस्सा कर लावून यासाठी स्वतंत्र निधी उभारला. आपल्याकडे केंद्राने 2025 मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम केले आहेत. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने आता बंद पडलेल्या पंपांची जिल्हावार यादी जाहीर करावी आणि त्या जागांवर बांधकाम परवानगी मिळण्यापूर्वी माती व पाण्याची तपासणी सक्तीची व्हावी.

— एक वाचक, सोलापूर