नऊ दिवसांची वसुली आणि निम्म्या पगाराचा हिशोब

दिनांक : २३ सप्टेंबर २०१९

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
विभागीय कार्यालय

विषय : माझ्या दिवंगत भावाच्या पत्नीची फॅमिली पेन्शन उशिरा व कमी दराने सुरू केल्याबाबत आणि चुकीची वसुली केल्याबाबत तक्रार.

महोदय,

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून पेन्शनला आलो. माझी ट्रेड क्लर्कची. फौजेत रायफलपेक्षा टाइपरायटरच जास्त चालवला, त्यामुळे कागद कुठे आणि कशासाठी अडतो हे मला लांबूनही समजते. माझी स्वतःची पेन्शन आपल्याच बँकेत आहे आणि तिच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. हे पत्र माझ्या भावजयीसाठी आहे. तिचे संमतीपत्र सोबत जोडले आहे.

माझा धाकटा भाऊ हवालदार होता. सव्वीस वर्षे नोकरी करून तो ३० सप्टेंबर २०१७ ला घरी आला आणि ९ फेब्रुवारी २०१९ ला हार्ट अटॅकने गेला. पेन्शन जेमतेम सोळा महिने खाल्ली. तेरावा झाला, ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला मिळाला आणि ११ मार्चला, सोमवारी, मी भावजयीला घेऊन आपल्या शाखेत गेलो. दाखला, पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) प्रत, तिचे आधार, पासबुक, फोटो, भरलेला फॉर्म असे सगळे एका फायलीत लावून दिले आणि झेरॉक्सवर शाखेचा शिक्का घेतला. ती शिक्क्याची प्रत सोबत आहे. ती नसती तर आज तुमचे लोक कागद आलेच नाहीत म्हणाले असते.

भावाच्या पीपीओत पत्नीचे नाव आणि फॅमिली पेन्शनचे दोन्ही दर आधीच छापलेले आहेत. फौजेत याला जॉइंट नोटिफिकेशन म्हणतात. याचा अर्थ असा, की जवान गेल्यावर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला किंवा अलाहाबादच्या (आता प्रयागराज म्हणायचे) लष्करी पेन्शन कार्यालयाला नव्याने मंजुरी मागावी लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि अर्ज बघून बँकेनेच पेन्शन सुरू करायची असते. हे काम आठ-पंधरा दिवसांचे आहे. आपल्याला ११ मार्च ते ३० ऑगस्ट, म्हणजे १७२ दिवस लागले.

हे दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगतो, डायरीत तारखा आहेत. पहिल्यांदा सांगितले, जॉइंट खाते चालणार नाही, एकटीच्या नावाचे खाते उघडा. भाऊ आणि भावजयीचे खाते 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' असे होते. अशा खात्यात फॅमिली पेन्शन जमा करता येते आणि नव्या खात्याचा आग्रह धरू नये अशा सूचना आहेत. तरीही वाद नको म्हणून २ एप्रिलला नवे खाते उघडले. नंतर मे महिन्यात त्याच टेबलावरून उत्तर आले की नवा खाते नंबर पीपीओशी जुळत नाही, म्हणून फाइल परत आली आहे. मधल्या काळात स्टाफ इलेक्शन ड्युटीवर होता. जूनमध्ये लक्षात आले की पीपीओतल्या तिच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' कमी आहे आणि आधारवर तो जास्त आहे. मार्चमध्ये हे कोणी बघितले नव्हते का? तहसीलला जाऊन प्रतिज्ञापत्र करून दिले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानेही दोन्ही नावे एकाच बाईची असल्याचे पत्र दिले. जुलैभर 'वरून पेंडिंग आहे' एवढेच ऐकले. वर म्हणजे कुठे, तर तुमचे पेन्शन प्रोसेसिंग सेंटर, ज्याचा फोन कोणी उचलत नाही. ऑगस्टमध्ये पुराचे कारण मिळाले. ते मला मान्य आहे, पहिल्या आठवड्यात कराड-पाटणला खरोखरच पाणी होते. पण मार्च, एप्रिल, मे, जूनमध्ये कोयनेला पूर नव्हता.

एक गोष्ट पत्रात लिहावी की नाही याचा दोन दिवस विचार केला. पुनर्विवाह केला नसल्याचे लिहून घ्यावे लागते, हे मला माहीत आहे, फॉर्ममध्ये तो रकाना आहे. पण काउंटरच्या काचेआडून, मागे पंधरा माणसे रांगेत असताना, "मॅडम, दुसरे लग्न केले नाही ना?" असे मोठ्याने विचारायची काय गरज होती? फॉर्म पुढे सरकवून सही कुठे करायची ते दाखवले असते तरी काम झाले असते. त्या दिवशी ती एसटीत घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

आता पैशाचे.

फेब्रुवारीची पेन्शन २८ तारखेला जमा झाली, १०,९४५ रुपये. भाऊ ९ तारखेला गेला होता, त्यामुळे पुढच्या दिवसांचे पैसे परत घ्यायचा तुमचा हक्क आहे. पण २५ मार्चला तुम्ही पूर्ण १०,९४५ रुपये खात्यातून काढून घेतले. पासबुकात 'पेन्शन रिकव्हरी' अशी एक ओळ आहे आणि तिच्यापुढे शिल्लक ४१२ रुपये. साहेब, ९ फेब्रुवारीपर्यंत माझा भाऊ जिवंत होता. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंत, तो दिवस धरून, देय असते. नऊ दिवसांचे ३,५१८ रुपये त्याचे आहेत. शिवाय जानेवारीपासून महागाई भत्ता ९ टक्क्यांवरून १२ टक्के झाला, त्याचा १ जानेवारी ते ९ फेब्रुवारी अशा चाळीस दिवसांचा फरक निघतो. फौजेत याला लाइफ टाइम एरिअर्स म्हणतात. ते वारसाला द्यायचे असतात, इथे उलट तिच्याकडून घेतले. आणि हे काम मात्र दाखला दिल्यापासून चौदा दिवसांत झाले. घ्यायची फाइल वर पेंडिंग राहत नाही, असे दिसते.

३० ऑगस्टला अखेर ८३,२५५ रुपये जमा झाले. भावजयीने पासबुक भरून आणले, मी कॅल्क्युलेटर काढला आणि माझ्या लक्षात आले की तिला खालचा दर लावला आहे.

भावाचा शेवटचा मूळ पगार ३१,९०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, मिळून ३७,१००. त्याच्या निम्मे १८,५५० ही त्याची पेन्शन. फॅमिली पेन्शन पहिली सात वर्षे किंवा जवान सदुसष्ट वर्षांचा झाला असता त्या दिवसापर्यंत, यातले जे आधी येईल तोवर, पगाराच्या ५० टक्के मिळते आणि त्यानंतर ३० टक्के. भाऊ पन्नाशीच्याही आत गेला, म्हणून इथे सात वर्षे लागू आहेत. म्हणजे १० फेब्रुवारी २०१९ पासून ९ फेब्रुवारी २०२६ पर्यंत १८,५५०, आणि त्यापुढे ११,१३०. दोन्ही आकडे पीपीओत छापले आहेत. तुम्ही पहिल्या दिवसापासून ११,१३० लावले.

३ सप्टेंबरला आम्ही हे दाखवायला गेलो. पेन्शनच्या टेबलावरच्या साहेबांनी भावाचे जुने स्टेटमेंट काढले आणि म्हणाले, "नवऱ्याला अकरा हजार येत होते, बायकोला वीस कसे येतील?" प्रश्न ऐकायला बरोबर वाटतो, पण तो पेन्शनच्या टेबलावर बसलेल्या माणसाने विचारावा याचे आश्चर्य वाटले. भावाने घरी येताना निम्मी पेन्शन विकली होती, म्हणजे कम्युटेशन घेतले होते. त्याची एकरकमी रक्कम मिळाली, घरावर स्लॅब पडला आणि त्याबदल्यात दरमहा ९,२७५ रुपये कापले जात होते. ही कपात पंधरा वर्षे चालते, पण जवान आधी गेला तर ती त्याच्याबरोबर संपते. विधवेच्या पेन्शनवर तिचा भार टाकता येत नाही. म्हणून त्याच्या हातात कमी येत होते आणि तिच्या हातात जास्त यायला हवे. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत आहे, हे पारावर बसलेला कोणीही सांगेल. सातारा जिल्ह्यात शाखा चालवायची आणि कम्युटेशन समजून घ्यायचे नाही, हे काही बरोबर नाही.

आता हिशोब. १८,५५० वर १२ टक्के महागाई भत्ता २,२२६, एकूण महिन्याला २०,७७६. फेब्रुवारीच्या एकोणीस दिवसांचे १४,०९८ आणि मार्च ते ऑगस्टचे १,२४,६५६, मिळून १,३८,७५४ रुपये व्हायला हवे होते. मिळाले ८३,२५५. बाकी ५५,४९९. ही चूक तशीच राहिली तर सात वर्षांत नुसत्या मूळ पेन्शनचेच ६,२३,२८० रुपये तिच्या हातून जातील, महागाई भत्ता वेगळाच. मी क्लर्क नसतो तर हे कोणाच्या लक्षात आले असते?

व्याजाबद्दल. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार पेन्शन किंवा तिची थकबाकी उशिरा जमा केली तर बँकेने उशिराच्या दिवसांचे वर्षाला ८ टक्क्यांनी व्याज द्यायचे असते. ते पेन्शनरने न मागता, थकबाकी जमा होते त्याच दिवशी, त्याच खात्यात. १ ऑक्टोबर २००८ पासूनच्या उशिरांना हा नियम लागू आहे. ३० ऑगस्टच्या नोंदीखाली मी व्याजाची ओळ शोधली, ती नाही. व्याजाचा आकडा मी इथे लिहीत नाही. तुम्ही महिन्यामहिन्याने काढून तक्ता पाठवा, माझ्या वहीतल्या आकड्याशी ताडून बघतो. मार्चची पेन्शन एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी पडते, तेवढे तारखा लावताना लक्षात ठेवा.

या सहा महिन्यांत घर कसे चालले हे तुमच्या कुठल्याच फॉर्ममध्ये लिहायची सोय नाही. मुलगी बारावीला आहे, मुलगा पॉलिटेक्निकला. जूनमध्ये त्याची फी भरायची होती. बचत गटाकडून वीस हजार उचलले, दोन टक्के महिना. जुलैत दुभती म्हैस विकली. मी देतो म्हणालो तर भावजय म्हणाली, "दादा, माझे पैसे बँकेत आहेत, मी तुमच्याकडून कशाला घेऊ?"

माझी मागणी सरळ आहे. १० फेब्रुवारीपासून वाढीव दर लावून ५५,४९९ रुपये द्या, नऊ दिवसांचे पैसे आणि चाळीस दिवसांचा भत्त्याचा फरक परत करा, त्यावर आणि उशिरा दिलेल्या सगळ्या रकमेवर व्याज द्या, आणि सप्टेंबरची पेन्शन बरोबर दराने पडेल असे बघा. वाढीव दराची शेवटची तारीख, ९ फेब्रुवारी २०२६, तुमच्या सिस्टममध्ये नीट टाकून मला लेखी कळवा. चुकून २०३० पर्यंत वरचा दर चालू राहिला तर पुन्हा वसुली निघेल, आणि तीही एका झटक्यात होईल. नोव्हेंबरमध्ये तिचा हयातीचा पहिला दाखला आहे. तो घेतल्याची पोच द्या. तिचे नवे खाते की जुने, हा घोळ त्याआधी मिटवा.

पेन्शनच्या टेबलावरच्या साहेबांवर कारवाई करा असे मी म्हणत नाही. त्यांना कोणी शिकवलेले नाही, हे दिसते. त्यांना भावाचा पीपीओ समोर ठेवून अर्धा तास कोणीतरी समजावून सांगा. हवे तर मी येतो, चहाचे पैसेही लागणार नाहीत.

एका महिन्यात, म्हणजे २३ ऑक्टोबरपर्यंत, उत्तर आले नाही तर हेच पत्र बँकिंग लोकपालांकडे जाईल. त्याची प्रत काढून ठेवली आहे. उत्तर मराठीत पाठवा आणि भावजयीच्या नावाने पाठवा. ती सातवी शिकलेली आहे, पत्र स्वतः वाचते.

आपला,
सुभेदार (निवृत्त)

सोबत : भावजयीचे संमतीपत्र, शिक्का असलेली अर्जाची प्रत, पीपीओ, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सैनिक कल्याण कार्यालयाचे पत्र आणि दोन्ही पासबुकांच्या झेरॉक्स.