आकडे परत आणले आहेत, दीदी

प्रिय दीदी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यासाठी हिंदीतलं पत्र मी तुमच्याकडच्या विद्यापीठातल्या सरांकडे वेगळं पाठवलं आहे. ते उत्तराखंडातल्या अल्मोड्याहून येतील तेव्हा वाचून दाखवतील. हे मात्र मुद्दाम मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे. इकडे साताऱ्याच्या जावळी खोऱ्यात ज्या बायका आज तुमच्या पद्धतीने झऱ्याचं पाणी मोजतात, त्यांना आणि त्यांच्या गावांना तुम्ही कोण हे कळायला हवं. तुमचं नाव लिहीत नाही. ‘नाम मत लिखना, गाँव का भी नहीं,’ असं तुम्ही फोनवर म्हणालात, ते पाळते आहे.

मे २०१९ मध्ये मी आमच्या कॉलेजची नऊ मुलं घेऊन तुमच्या अंगणात उतरले, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. आमचं तालुक्याचं कॉलेज आणि तुमच्या कुमाऊँ भागातलं विद्यापीठ यांच्यात सामंजस्य करार झाला होता. त्या कराराची प्रत आमच्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये चौकटीत लावलेली आहे. ‘पर्वतीय प्रदेशाचा शाश्वत विकास’ हे शब्द तिच्यात चार वेळा आले आहेत. मी ते मोजले होते, कारण प्रस्ताव मीच लिहिला होता. १९९२च्या रिओ परिषदेत ‘अजेंडा २१’ ठरला तेव्हा त्यात डोंगरांसाठी स्वतंत्र तेरावं प्रकरण होतं, इथपासून प्रस्तावाची सुरुवात. मग हिंदुकुश-हिमालय, साडेतीन हजार किलोमीटर लांबीची डोंगररांग, आठ देश, डोंगरात राहणारी सुमारे २४ कोटी माणसं आणि त्या डोंगरातून निघणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत राहणारी आणखी १६५ कोटी. सगळं खरं होतं. पण पाणी भरायला रोज किती फेऱ्या होतात, हे त्या प्रस्तावात कुठेच नव्हतं.

तुम्ही आम्हाला मडुव्याची रोटी आणि भांगेच्या बियांची चटणी वाढलीत. मडुवा म्हणजे आमची नाचणीच, हे कळल्यावर मुलं एकदम मोकळी झाली. जेवण झाल्यावर मी पिशवीतून प्रश्नावली काढली. तुम्ही ती हातात घेऊन शेवटपर्यंत पाहिलीत आणि विचारलंत, ‘ये नंबर वापस कौन लाएगा?’

त्याआधी दोनदा बाहेरची माणसं येऊन गावातल्या धाऱ्यांचे आणि नौल्यांचे, म्हणजे झऱ्यांचे, आकडे घेऊन गेली होती. त्यांचं पुढे काय झालं, हे गावाला कुणी कळवलं नव्हतं. तुम्ही हे रागावून बोलला नाहीत, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी प्रश्नावली पिशवीत परत ठेवली. त्या संध्याकाळी सरांनी, तुम्ही आणि मी मिळून ठरवलं की नोंदवही गावात राहील, तुमच्या घरात, आणि विद्यापीठं तिची प्रत घेतील. करारातलं एकही कलम न बदलता कराराचा सगळा अर्थ त्या संध्याकाळी बदलला, असं मला आज वाटतं.

इकडच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. हिमालय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ येतो. पण कुमाऊँच्या मधल्या डोंगरांतली बहुतेक गावं हिमनदीचं पाणी पीत नाहीत. नदी खाली दरीत असते, गावं वर उतारावर. ती जगतात झऱ्यांवर. दगडी तोटीतून पडतो तो धारा. जमिनीत पायऱ्यापायऱ्यांनी खाली निमुळतं होत गेलेलं, वर दगडी छप्पर असलेलं चौकोनी कुंड म्हणजे नौला. नीती आयोगाच्या २०१८च्या अहवालानुसार भारतीय हिमालयात असे सुमारे ३० लाख झरे आहेत आणि त्यांतले जवळपास निम्मे आटत चालले आहेत. ही गोष्ट नवी नाही. कुमाऊँ विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ खड्गसिंह वल्दिया आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९८०च्या दशकातच गौला नदीच्या खोऱ्यात झऱ्यांचं पाणी घटत असल्याचं मोजून दाखवलं होतं. बांजाची (ओकची) जंगलं विरळ झाली, चीड (पाइन) वाढला, डोंगरधारेवरच्या चाल-खाल, म्हणजे पावसाचं पाणी थोपवणारी छोटी तळी, बुजून गेली, उतार फोडून रस्ते झाले, पावसाची तऱ्हाही बदलली. कारणं गुंतलेली आहेत. म्हणून तर मोजणी लागते.

मोजायला लागतं काय? दहा लिटरची बादली आणि घड्याळ. बादली भरायला किती सेकंद लागले ते लिहायचं, तीनदा मोजून सरासरी काढायची. माझ्या मुलांनी हे तुम्हाला शिकवलं. आणि तुम्ही त्यांना काय शिकवलंत, ते मी इतकी वर्षं प्रत्येक वर्गात सांगते.

मी तुमच्या नौल्याचं पाणलोट क्षेत्र नकाशावर आखलं होतं. समोच्च रेषा बघून, जिथे पावसाचं पाणी दोन्हीकडे वाहून जातं ती धार पकडून. पाठ्यपुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. पाणी मुरवायला चर खोदायचे ते नौल्याच्या बरोबर वरच्या उतारावर, असं मी खुणेनं दाखवलं. तुम्ही म्हणालात, आमच्याकडे कितीही बरसला तरी नौला फुगत नाही, धारेच्या पलीकडे बरसला की चार दिवसांनी फुगतो. मी ते वहीत लिहून घेतलं, पण खरं सांगते, मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी मुलांना होकायंत्र आणि क्लिनोमीटर देऊन उघड्या पडलेल्या खडकांच्या थरांचा कल मोजायला लावला. सगळे थर पलीकडच्या उतारावरून तुमच्या बाजूला कललेले निघाले. पलीकडे मुरलेलं पाणी थराथरांतून डोंगराच्या पोटातून येऊन तुमच्या नौल्यात उतरत होतं. जमिनीवरचा पाणलोट एक आणि झऱ्याचं मुरणक्षेत्र दुसरं. मी दाखवलेल्या जागी चर खोदले असते तर गावाची एका हंगामाची मेहनत भलत्याच ठिकाणी गेली असती.

हे झऱ्यांचं शास्त्र हिमालयात रुजवण्यात पुण्याच्या ‘अक्वाडॅम’ या संस्थेचा मोठा वाटा आहे, हे मला तिथे, अल्मोड्यात, सरांकडून कळलं. सिक्कीमच्या ‘धारा विकास’ कार्यक्रमात या संस्थेनं काम केलं. काठमांडूच्या ‘इसिमोड’ या पर्वतविकासाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर तिनं २०१८ मध्ये झरे जगवण्याची कार्यपुस्तिकाही काढली. साताऱ्याहून पुणं तीन तासांवर, आणि मला त्या कामाची ओळख अल्मोड्यात व्हावी! तेव्हा संकोचले होते. आता वाटतं, एका डोंगराचं शहाणपण दुसऱ्या डोंगरापर्यंत पोचवायला कुणीतरी मध्ये हवंच असतं. इसिमोडच्या पुढाकारानं २००७ पासून हिमालयातल्या आठ देशांतल्या विद्यापीठांची साखळी उभी राहिली आहे, तिचा उद्देशही तोच. सह्याद्री त्या नकाशात नाही. आमच्यासाठी ते काम तुम्ही केलंत.

पण ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहायला बसले ते वेगळंच आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. आमचं कॉलेज बंद, तुमच्याकडचं विद्यापीठ बंद, दोन्हीकडची मुलं घरी. एप्रिलमध्ये आम्ही येणार होतो, ते रद्द झालं. प्रकल्पाचा निधी थांबला. मी मनातून तो विषय मिटवून टाकला होता. आणि १ मेला फोनवर तुम्ही पाठवलेला फोटो आला. वहीचं पान, तारीख, तीन आकडे, सरासरी. खाली तुमच्या अक्षरात लिहिलेलं, ‘भीड़ बहुत है।’ दिल्लीहून, हरियाणाहून गावची पोरं परत आली होती. बंद पडलेली घरं उघडली होती आणि नौल्यावर पहाटे चारपासून रांग लागत होती. त्या रांगेत उभं राहून, आपली पाळी आली की पाणी भरण्याआधी मोजत होतात तुम्ही. मागच्या बायका काय म्हणत असतील, याची मला कल्पना आहे. तरी जूनमध्ये पान आलं. जुलैमध्ये आलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत तुमच्या घरात दोघं आजारी होती, तेव्हाही आलं.

त्या काळात तुम्हाला कुणीही मानधन दिलं नाही. ते द्यायला हवं होतं आणि ती चूक आमच्या बाजूची आहे. ते नंतर चुकतं झालं, पण उशीर तो उशीरच. त्या वीस महिन्यांत प्रकल्पाच्या दहा-बारा झऱ्यांपैकी सलग नोंद फक्त तुमच्या नौल्याची आहे. आमच्या विद्यार्थिनीचा प्रबंध त्यावर उभा राहिला. तिनं त्यात तुमचे आभार मानले आहेत, पण ते शेवटच्या पानावर, एका ओळीत. मला ते पुरेसं वाटत नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आम्ही पुन्हा आलो तेव्हा रस्ते जागोजागी खचलेले होते. ऑक्टोबरच्या त्या पावसात मुक्तेश्वरला एका दिवसात ३४० मिलिमीटरची नोंद झाली होती. तशात तुम्ही पलीकडच्या उतारावर चर खोदण्यासाठी तिथल्या गावाच्या वन पंचायतीशी बोलणी करून ठेवली होतीत. ‘पाणी तुम्हाला, जमीन आमची, आम्हाला काय?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. चरांच्या बांधावर चाऱ्याचं गवत लावायचं आणि ते त्यांच्याच बायकांनी कापून न्यायचं, हा तोडगा तुमचा. कुठल्याही विद्यापीठाला तो सुचला नसता, कारण दोन्ही गावांतल्या सासुरवाशिणी आणि माहेरवाशिणी एकमेकींच्या कोण लागतात हे आमच्या कुठल्याच नकाशात नसतं.

पुढच्या उन्हाळ्यात बादली लवकर भरू लागली. मुलं खूश झाली. तुम्ही त्यांना थांबवलंत, की हे चरांचं पाणी आहे की गेल्या पावसाचं, ते अजून दोन-तीन उन्हाळे गेल्याशिवाय कसं सांगायचं? संशोधनाची पद्धत मी बावीस वर्षं शिकवते आहे. इतकं नेमकं मला क्वचितच सांगता आलं आहे.

आणि मग एप्रिल २०२३. तुम्ही आमच्याकडे आलात. महाबळेश्वरच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तुमच्या अल्मोड्यात त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा, आणि तरी एप्रिलमध्ये आमच्या वाडीत टँकर, हे ऐकून तुम्ही गप्प झालात. आमच्या झऱ्यापाशी, ज्याला वाडीत ‘उंबराचं पाणी’ म्हणतात, साती आसरांचे सात दगड आहेत, कुंकू लावलेले. तुम्ही काही न विचारता चपला काढल्यात, पाण्याला हात लावून कपाळाला लावलात. लग्न होऊन आलेली नवरी आधी नौला पुजते, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा वाडीतल्या म्हाताऱ्या आजी तुमचा हात धरून बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

मग तुम्ही मान वर करून विचारलंत, ‘ऊपर क्या है?’

वर पठार आहे. जांभ्याचं. तिथे पडणारा पाऊस जांभ्यातून खाली मुरतो, बेसॉल्टच्या फटींतून उतरतो, तांबड्या गेरूच्या थरावर अडतो आणि आडवा वाहत उतारावर बाहेर पडतो. आमचे थर जवळजवळ आडवे, म्हणून डोंगराच्या अंगाला एकाच उंचीवर झऱ्यांची माळ दिसते. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण ‘उंबराचं पाणी’ आटतंय म्हणून वाडी झऱ्याजवळच खोल खणायचा विचार करत होती, आणि मीही कधी कुणाला घेऊन पठारावर गेले नव्हते. तुम्ही आम्हाला घेऊन चढलात. वर फार्महाऊसच्या प्लॉटांची तारेची कुंपणं, सपाट केलेली जमीन, दोन नव्या बोअरवेल. तुम्ही काही बोलला नाहीत. वाडीतल्या बायकाच एकमेकींकडे बघू लागल्या. उतरल्यावर त्यांनी वही मागितली.

त्या पठाराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ग्रामसभेत दोनदा ठराव झाला आहे, तिसऱ्यांदा मांडायचा आहे. उरलेल्या मोकळ्या भागात सलग समतल चर खोदून झाले आहेत. पाणी वाढलं का, हे मी आत्ता सांगणार नाही, का ते तुम्हाला माहीत आहे.

या पत्रासोबत ‘उंबराच्या पाण्या’च्या वहीच्या पहिल्या दोन वर्षांची झेरॉक्स जोडली आहे, मे २०२३ पासूनची. दर पंधरा दिवसांनी मोजलेलं. आकडे देवनागरीत आहेत, तुम्हाला वाचता येतील. मूळ वही वाडीतच आहे, मोजणाऱ्या वहिनींच्या घरी, देव्हाऱ्याखालच्या फळीवर. दुसऱ्या वर्षाच्या पानांवर फेब्रुवारीतले दोन रकाने कोरे दिसतील. त्या वेळी वहिनी लेकीच्या बाळंतपणाला वाईला गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी मला विचारलं, आधीच्या-नंतरच्या आकड्यांवरून अंदाजानं भरू का? मग स्वतःच म्हणाल्या, नको, अल्मोड्याच्या दीदींनी सांगितलंय, जे मोजलं नाही ते लिहायचं नाही.

तुमची,
साताऱ्याची मास्तरीण