भेटीला जाणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आजारी किंवा शोकात असलेल्या घरी जाताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

आधी फोन करून वेळ विचारा. 'नको' म्हणाले तर कारण विचारू नका. दोघांपेक्षा जास्त जणांनी एकदम जाऊ नये आणि २० मिनिटांत निघावं. दमलेला माणूस आपल्याला 'आता उठा' म्हणत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती बोलण्यात. बायबलमधल्या ईयोबावर मोठं दुःख कोसळलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले (ईयोब २:१३), तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडून दुःखाचं कारण शोधू लागले आणि बिघडलं. 'देवाची इच्छा', 'यातून काही चांगलंच होईल' ही वाक्यं म्हणूनच टाळा. ऐकणाऱ्याला ती 'रडू नकोस' अशी ऐकू येतात. मरण पावलेल्या लाजराला आपण पुन्हा जिवंत करणार हे ठाऊक असूनही येशू रडला (योहान ११:३५).

'काही लागलं तर सांगा' म्हणू नका, कोणी सांगत नाही. 'गुरुवारी मुलांना शाळेतून मी आणू का?' असं नेमकं विचारा.

प्रार्थना त्यांना विचारून, दोन-तीन मिनिटांची. प्रार्थनेत उपदेश घुसडू नये (हा मोह मोठा असतो).

घरात ऐकलेलं प्रार्थना-विनंती म्हणूनही त्यांच्या परवानगीशिवाय गटात टाकू नका. आणि तीन-चार आठवड्यांनी, बाकीच्यांची ये-जा थांबल्यावर, पुन्हा फोन करा.