बॅटरी विकण्याआधी ती सांभाळायला शिकवणाऱ्या चाचांना

चाचा, नमस्कार.

पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही जे शिकवलंत ते आपल्या मराठवाड्याच्या उन्हात बॅटरी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

आईला घृष्णेश्वर, औंढा नागनाथ, परळी अशी यात्रा निवांत घडवायची म्हणून आम्ही ट्रॅव्हलरमध्ये झोपायची सोय, पंखे आणि छोटा फ्रिज करून घेतला. फ्रिज तिच्या इन्सुलिनसाठी. त्याचा साठा २ ते ८ अंशांत ठेवावा लागतो, त्यामुळे आतली बॅटरी बसली की पुढचा मुक्काम रद्दच. हे कळल्यावर तुम्ही बिलबुक बाजूला सारलंत आणि मला स्टुलावर बसवून घेतलंत.

‘उपाशी ठेवू नका, अर्धपोटी तर अजिबात नको,’ हे तुमचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ झालंय. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही. लोड काढून थोडा वेळ थांबल्यावर मीटर १२.१ व्होल्टच्या आसपास दाखवू लागला, की पंखे बंद आणि चार्जिंग सुरू. पण खरी गोष्ट पुढची होती. ऐंशी टक्क्यांपर्यंत बॅटरी झपाट्याने भरते, उरलेल्या वीस टक्क्यांना कित्येक तास लागतात. जालन्याहून परळीला पोचेपर्यंत इंजिनाच्या अल्टरनेटरवर (गाडी चालताना बॅटरी भरणाऱ्या जनित्रावर) तेवढं होतंच असं नाही. अर्धवट भरलेली बॅटरी तशीच वापरत राहिलं, की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ते निघत नाही. म्हणून तुम्ही टपावर सोलर पॅनेल सुचवलंत. गाडी मंदिराबाहेर उभी असताना तो ही शेवटची भर घालतो. बॅटऱ्या लवकर जातात त्या बहुतेक इथेच, असं मला आता ठाम वाटतं.

उन्हाचंही तुम्हीच सांगितलंत. दर दहा अंश तापमानवाढीला आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. बॅटरीच्या पेटीला तुम्ही जाळी लावून हवा खेळती केलीत. चार्जरला तापमानाचा सेन्सर जोडलात, म्हणजे उष्मा वाढला की चार्जिंगचा व्होल्टेज आपोआप थोडा उतरतो.

पाणी फक्त डिस्टिल्ड, आणि तेही चार्ज पूर्ण झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील एवढं. आपल्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा एक थेंबही नको. गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून, तारा काढून ठेवायच्या आणि महिन्याला एकदा पुन्हा भरायची. हे मी शेजाऱ्यांनाही सांगतो, त्यांच्या इन्व्हर्टरलाही पाण्याचा हाच नियम लागू आहे.

परवा हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायची नळी, लावून तुम्ही सहाही सेल तपासलेत. सगळीकडे घनता १.२६ च्या वर, म्हणजे बॅटरी चांगली भरलेली. नवी बॅटरी विकून चार पैसे सुटले असते, पण ‘हिला काही झालेलं नाही, न्या गाडी’ म्हणालात आणि तपासणीचेही पैसे घेतले नाहीत. दुकानात गिऱ्हाईकं ताटकळत असताना तुम्ही आम्हाला वेळ दिलात. चाचा, आईकडून आणि माझ्याकडून मनापासून आभार.